किती वेळा यावं लागेल? रायगड किनाऱ्यावरच्या त्वचा-दवाखान्यांचा आढावा

रायगडच्या किनाऱ्यावर एक काळ असा होता की त्वचेच्या तज्ज्ञाला दाखवायचं म्हणजे मांडव्याहून लाँच पकडायची, नाहीतर एसटीने पनवेलमार्गे मुंबई गाठायची आणि जे. जे.च्या किंवा केईएमच्या रांगेत नंबर लावायचा. एवढा खटाटोप फार थोडे लोक करत. बाकीचे गावातल्या डॉक्टरकडून एखादं मलम घेत, कुणी बिब्बा लावून कातडी भाजून घेत, कुणी खाजवत पावसाळा काढत. आज अलिबाग, पेण, पनवेल, उरणच्या बाजारपेठेत 'स्किन, हेअर अँड लेझर' अशा पाट्या जागोजागी दिसतात. मांडव्याला रो-रो २०२० साली सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, आणि मुंबईचे डॉक्टर आठवड्यातून एखादा दिवस इकडे येऊन बसणं सोपं झालं. गजकर्णाचा शेतकरी आणि लग्नाआधी चेहरा उजळायला आलेली मुलगी एकाच बाकावर नंबरची वाट बघतात.

या दोघांना एकच दवाखाना चालेल का, आणि चालणार असेल तर तो कसा ओळखायचा? सरकारच्या लेखी ही दोन वेगळी कामं आहेत. आजारावरच्या उपचाराला जीएसटी नाही. केसांचं प्रत्यारोपण आणि निव्वळ सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया यांना ती सूट मिळत नाही. आरोग्य विमाही सौंदर्योपचाराचा खर्च देत नाही. कातडीला मात्र ही सीमारेषा ठाऊक नसते. हनुवटीवर जाड केस आले म्हणून लेझर करायला आलेल्या मुलीच्या अंडाशयात गाठी असू शकतात. मूठमूठ केस जाणाऱ्या बाईच्या रक्तात लोह कमी असतं, थायरॉइड बिघडलेलं असतं, किंवा दोन-तीन महिन्यांपूर्वी तिला डेंग्यू नाहीतर टायफॉइड होऊन गेलेला असतो. गालांवरचा वांग बाळंतपणानंतर किंवा गर्भनिरोधक गोळ्यांमुळे आलेला असू शकतो. त्यामुळे लेझरची खोली दाखवण्याआधी जो डॉक्टर पाळी नियमित आहे का, ताप येऊन गेला का, घरात कुणाला असंच आहे का, असं विचारतो, त्याच्याकडे सौंदर्योपचार करून घ्यायला मला हरकत वाटत नाही. जिथे पहिली भेट डॉक्टरशी न होता सल्लागार म्हणवणाऱ्या ताईंशी होते आणि त्या आठ बैठकांचं पॅकेज पुढे करतात, तिथून उठून यावं.

पण चांगला डॉक्टर हे उत्तर पुरेसं नाही, कारण किनाऱ्यावर अंतराचा हिशेब सतत करावा लागतो. मुरूडहून अलिबाग पन्नासेक किलोमीटर. श्रीवर्धनच्या माणसाला तर आधी आगरदांड्याची फेरी गाठायची की माणगावमार्गे जायचं, इथूनच सुरुवात. म्हणून दवाखाना निवडताना माझा पहिला प्रश्न असतो तो 'या उपचाराला किती वेळा यावं लागेल, आणि मध्येच काही बिघडलं तर त्या दिवशी कोण बघेल' असा. प्रत्येक आजाराचं आणि उपचाराचं उत्तर वेगळं येतं, आणि त्यावरून जवळचा दवाखाना घ्यायचा की लांबचा, हे बरंचसं आपोआप ठरतं.

इथल्या सगळ्यात मोठ्या दुखण्यापासून सुरुवात करू. अलिबागला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि पाऊस नसतो तेव्हाही हवेत ओल असते. भाताच्या चिखलात उभं राहून पायाच्या बेचक्यांत चिखल्या होतात. ओले कपडे अंगावरच वाळतात, कंबरेला, जांघेत, मांडीवर गजकर्ण उठतं. ते पूर्वीही होतं, पण गेल्या दहाबारा वर्षांत त्याची जात बदलली. आधी दोन आठवड्यांत बरं होणारं गजकर्ण आता सहा-सहा महिने हटत नाही, घरातल्या पाच जणांना होतं, तोंडावर येतं, तान्ह्या मुलाला होतं. या नव्या बुरशीला २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव दिलं. नावातच भारत आहे. टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध तिच्यावर अनेकदा चालत नाही. २०२३ मध्ये ती न्यूयॉर्कमध्ये सापडली तेव्हा अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेने त्याची दखल घेतली.

ती इतकी फोफावली याला भारतातल्या बहुतेक त्वचारोगतज्ज्ञांच्या मते एक मोठं कारण आपल्या मेडिकलच्या काउंटरवर आहे. बुरशीचं औषध, जिवाणूंचं औषध आणि एक तीव्र स्टेरॉइड असं तिन्ही एकत्र केलेल्या ट्यूबा वर्षानुवर्षं स्वस्तात, चिठ्ठीशिवाय विकल्या गेल्या. स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, लाली जाते, माणूस खूश होतो. पण स्टेरॉइड त्या जागेची प्रतिकारशक्तीच दाबून टाकतं, त्यामुळे बुरशी आतल्या आत पसरते. मलम थांबवलं की दुप्पट खाज. मग पुन्हा तेच मलम. काही महिन्यांनी जांघेतली कातडी पातळ होऊन तिच्यावर कायमचे पांढरट वळ उमटतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. नियम आहे, पण गावच्या दुकानात आजही 'गजकर्णाची ट्यूब द्या' म्हटलं की बहुतेक वेळा तीच हातात पडते.

म्हणून गजकर्णासाठी गेलात तर डॉक्टर काय करतो ते नीट बघा. जाणकार डॉक्टर आधी विचारतो, आतापर्यंत काय काय लावलं? जुन्या ट्यूबा आणायला सांगतो आणि त्यांवरची बारीक अक्षरं वाचतो. मग कपडे बाजूला करून सगळं अंग उजेडात बघतो, नखंही बघतो. शंका असेल तर चट्ट्याच्या कडेवरचा कोंडा बोथट पात्याने काचेवर खरवडून घेतो, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे दोन थेंब टाकतो, काच जराशी गरम करतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरतो. बुरशी असेल तर पेशींच्या गर्दीतून आडव्या जाणाऱ्या, गाठी-गाठींच्या लांब तारा दिसतात. या तपासणीला महागडं यंत्र लागत नाही, काही मिनिटं लागतात. ज्या दवाखान्यात लाखोंचं लेझर आहे आणि ही काच-पट्टी नाही, त्याचं लक्ष कुठे आहे ते समजतं. शिवाय गजकर्णाला महिना-दीड महिना पोटात औषध, दर काही आठवड्यांनी तपासणी आणि घरातल्या सगळ्यांवर एकदम उपचार, एवढं सगळं लागतं. या कामाला तालुक्यातलाच दवाखाना हवा. मुंबईचा नामांकित डॉक्टर इथे उपयोगाचा नाही, कारण दुसऱ्या भेटीला कुणी जात नाही.

मासळीच्या आणि मिठाच्या धंद्यातली दुखणीही जवळच्याच डॉक्टरने बघावीत. मासे सोलताना काटा लागून बोट सुजणं, मिठागरात काम करून तळव्यांना भेगा पडणं, सिमेंटमुळे गवंड्याच्या हातावर इसब येणं, महाड, रोहा, तळोजा, पाताळगंगेच्या रासायनिक कारखान्यांतल्या कामगारांना संपर्कामुळे उठणारं पुरळ: यांत निम्मं निदान धंदा विचारल्याशिवाय होत नाही. इथला डॉक्टर खाजण म्हणजे काय हे विचारत बसत नाही.

आता कोड आणि कुष्ठ. हे दोन शब्द घरात हळू आवाजात उच्चारले जातात, आणि त्याचमुळे पांढरा डाग दिसला की माणूस आधी ब्युटी पार्लरला किंवा फेशियलवाल्या क्लिनिकला जातो. भारताने डिसेंबर २००५ मध्ये सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोगाचं निर्मूलन झाल्याचं जाहीर केलं. त्याचा अर्थ रोग संपला असा नव्हता. दर दहा हजार लोकसंख्येमागे रुग्णांचं प्रमाण एकाच्या खाली आलं, एवढाच होता. रायगडच्या वाड्या-पाड्यांवर शोधमोहिमा निघतात तेव्हा आजही नवे रुग्ण सापडतात. पनवेलजवळ नेऱ्याला शांतिवनात कुष्ठरोग निवारण समितीचं काम उभं आहे आणि वडाळ्याचं अ‍ॅकवर्थ रुग्णालय १८९० पासून आहे, म्हणजे हा रोग आपल्या भागाला नवा नाही. फिकट किंवा लालसर चट्टा, त्याला खाज नाही, घाम नाही, केस विरळ. असं असेल तर डॉक्टरने डोळे मिटायला सांगून कापसाची वात किंवा बॉलपेनचं टोक चट्ट्यावर टेकवायचं आणि कुठे लागलं ते बोटाने दाखवायला सांगायचं. मग कोपराच्या मागची नस चाचपायची, ती जाड झाली आहे का बघायचं. एवढं न करता कुणी डागावर 'पील' सुचवला तर तिथे पुन्हा पाऊल ठेवू नका. कुष्ठरोगाचं औषध प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतं, सहा किंवा बारा महिने घ्यावं लागतं, आणि वेळेवर घेतलं तर हातापायांच्या नसा वाचतात. खासगी दवाखान्याची पारख इथेही होते. निदान करून जो रुग्णाला स्वतःहून सरकारी केंद्राकडे पाठवतो, तो डॉक्टर विश्वासाचा.

कोड हा संसर्गजन्य नाही, त्याचा कुष्ठाशी संबंध नाही, हे सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'नितळ' या २००६च्या चित्रपटाने मराठी प्रेक्षकांसमोर मायेने मांडलं. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांची श्वेता असोसिएशन कोड असलेल्या माणसांसाठी काम करते. उपचाराच्या बाजूने पाहिलं तर कोडाला भेटींचा हिशेब सगळ्यात कडक लागू पडतो. ३११ नॅनोमीटरचे अतिनील किरण देणारी फोटोथेरपी आठवड्यातून दोन-तीन वेळा, सलग कित्येक महिने घ्यावी लागते. थळहून किंवा रेवदंड्याहून त्यासाठी कुणी मुंबईला जाणार नाही. पाचव्या आठवड्यात सुटतं, आणि मग 'उपचाराने काही झालं नाही' असं आयुष्यभर बोललं जातं. निदान आणि आखणी लांबच्या तज्ज्ञाकडे झाली तरी चालेल. किरण मात्र जवळच हवेत. जवळ यंत्र नसेल तर घरी वापरायचं छोटं उपकरण जमेल का, हा प्रश्न त्या तज्ज्ञाला विचारावा. आणि कोड हमखास घालवून देतो अशी जाहिरात करणं १९५४च्या औषधी व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने गुन्हा आहे. एसटी स्टँडच्या भिंतीवर, वर्तमानपत्रातल्या पत्रकात, मोबाईलवर, कुठेही ती दिसली तरी.

इथवर आजार झाले. सौंदर्योपचारांत गणित उलटं होतं. लेझरने केस कमी करायचे तर चार-सहा आठवड्यांच्या अंतराने सहा ते आठ बैठका लागतात. एवढ्या अंतराने पनवेल किंवा मुंबईलाही जाता येईल. इथे अडचण येण्याजाण्याची नाही, भाजण्याची आहे. लेझरचा झोत केसातल्या काळ्या रंगद्रव्याला शोधत जातो. कातडीतही तेच रंगद्रव्य असतं. गोऱ्या युरोपीय कातडीवर चालणारी मात्रा आपल्या सावळ्या कातडीवर चालत नाही. शिवाय किनाऱ्यावर माणूस उन्हात राबतो, समुद्राच्या पाण्यावरून आणि वाळूवरून ऊन परत उसळतं, आणि नुकत्याच उन्हाने रापलेल्या चेहऱ्यावर लेझर मारलं तर फोड येऊन त्या जागी महिनोन् महिने काळे डाग राहतात. सावळ्या कातडीला १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग किंवा डायोड लेझर तुलनेने सुरक्षित समजलं जातं. स्वस्तातल्या पॅकेजमध्ये बऱ्याचदा आयपीएल नावाचा विस्तृत प्रकाशझोत असतो. तो लेझर नव्हे, आणि आपल्या रंगावर त्याने भाजण्याचा धोका जास्त. कोणतं यंत्र, किती तरंगलांबीचं, चालवणार कोण, आधी कानामागे किंवा जबड्याच्या कडेला छोट्या जागेवर चाचणी करणार का, हे विचारायला संकोच कसला? उत्तर द्यायला डॉक्टर उत्सुक असला पाहिजे. आणि उन्हातलं काम असणाऱ्या माणसाला 'आत्ता नको, पावसाळ्यात या' असं सांगणारा डॉक्टर स्वतःच्या धंद्याचं नुकसान करून तुमचं हित बघतोय, हे ओळखावं.

केमिकल पीलचंही तसंच. ग्लायकॉलिक, सॅलिसिलिक ही आम्लं योग्य हातांत उपयोगी आहेत. मुरुमांना, काही डागांना त्यांनी फरक पडतो. पण पील झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी चेहरा सुजला, खपली काळी पडली, ताप आला, तर? शनिवारी मुंबईहून येऊन संध्याकाळी परत गेलेला डॉक्टर बुधवारी कुठे सापडणार? गेटवेच्या प्रवासी लाँचा पावसाळ्यात बंद असतात, रस्ता पोलादपूरपासून पेणपर्यंत कुठेही तुंबतो. म्हणून फेरीच्या डॉक्टरकडे उपचार घ्यायचा असेल तर आठवड्यातले बाकीचे दिवस तो दवाखाना कुणाच्या ताब्यात असतो, त्या व्यक्तीला गुंतागुंत हाताळता येते का, आणि डॉक्टर स्वतः फोनवर किंवा व्हिडिओवर बघेल का, हे आधी ठरवून घ्यावं. २०२०च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनी नोंदणीकृत डॉक्टरला फोनवरून किंवा व्हिडिओवरून सल्ला देण्याची मुभा दिली आहेच, आणि त्वचेच्या फोटोवरून बरंच समजतं. तरीही भाजलेली कातडी हाताने तपासावी लागते.

सुया टोचायचे उपचार याहून गंभीर. ओठ-गाल भरणाऱ्या फिलरचा एक थेंब चुकून रक्तवाहिनीत गेला तर कातडी मरू शकते, क्वचित डोळाही जाऊ शकतो. अशा वेळी हायल्युरोनिडेझ नावाचं औषध काही तासांत टोचावं लागतं. ते दवाखान्याच्या फ्रिजमध्ये आहे का, एवढाच प्रश्न विचारा. उत्तर 'गरजच पडत नाही' असं आलं तर विषय तिथेच संपवावा. गोरेपणासाठी शिरेतून ग्लुटाथायॉन देणाऱ्यांची तर साथच आली आहे; या औषधाला त्वचा उजळण्यासाठी मंजुरी नाही, आणि फिलिपीन्सच्या औषध प्रशासनाने २०११ मध्येच त्याविरुद्ध इशारा दिला होता. केसांच्या प्रत्यारोपणाबद्दल राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं की कार्यशाळेत बसून किंवा व्हिडिओ बघून हे कौशल्य येत नाही, आणि ते औपचारिक शस्त्रक्रिया-प्रशिक्षण असलेल्यांनीच करावं. अतिदक्षता विभाग दूर असलेल्या गावात, भूल देऊन, तासन् तास चालणारं हे काम करून घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. एकदाच करायचं आहे, त्याला मोठ्या रुग्णालयाशेजारचं ठिकाण शोधा.

गोरेपणाच्या क्रीमबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण ते दवाखान्यातून कमी आणि ओळखीतून जास्त मिळतं. अकोल्याची एक तरुण मुलगी, तिची आई आणि बहीण यांच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचं २०२३च्या सुरुवातीला बातम्यांतून समजलं. तिघीही स्थानिक ब्युटीशियनकडून घेतलेलं एकच क्रीम वापरत होत्या. मुंबईच्या केईएममध्ये तपासणी झाली, आणि क्रीममध्ये पाऱ्याचं प्रचंड प्रमाण निघालं. केरळमधल्या मलप्पुरममध्येही त्याच वर्षी असे रुग्ण सापडले. पारा रंगद्रव्य बनण्याची क्रिया रोखतो, म्हणून चेहरा झपाट्याने उजळतो; तोच पारा कातडीतून रक्तात जाऊन मूत्रपिंडाची गाळणी बिघडवतो, लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात, पाय सुजतात. भारताचे २०२०चे प्रसाधन नियम साध्या क्रीममध्ये पारा घालू देत नाहीत. नकळत आलेला असेल तर दहा लाख भागांत एक भाग ही मर्यादा. पाऱ्यावरच्या मिनामाता कराराने आता प्रसाधनांतला पारा पूर्ण बंद करण्याचं ठरवलं आहे. तरी डबीवर उत्पादकाचं नाव-पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, आयात असेल तर नोंदणी क्रमांक नाही, अशी क्रीमं मिळतात. डबीत भरून दिलेलं, नावाचं लेबल नसलेलं 'डॉक्टरांचं स्पेशल क्रीम' कोणत्याही क्लिनिकमध्ये हातात दिलं तर घेऊ नका. त्यात पारा नसला तरी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड यांचं मिश्रण असण्याची शक्यता दाट. वांगावर हे मिश्रण काही आठवडे, देखरेखीखाली वापरण्याचं औषध आहे. आपल्याकडे ते फेअरनेस क्रीम म्हणून वर्षानुवर्षं लावलं जातं. मग चेहरा लाल, उन्हात गेलं की आग, बारीक पुरळ, ओठांच्या वर लव, आणि क्रीम सोडलं की सगळं दुपटीने. स्टेरॉइडने बिघडलेल्या अशा चेहऱ्याला भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी वेगळं नावच दिलं, इतका तो आपल्याकडे रोजचा. तो सावरायला महिने लागतात आणि पहिले काही आठवडे रुग्णाला धीर द्यावा लागतो, म्हणजे पुन्हा जवळचाच डॉक्टर.

आता पाटीवरच्या अक्षरांकडे वळू. त्वचारोगातलं पदव्युत्तर शिक्षण म्हणजे एमडी, डीएनबी, किंवा डीव्हीडी, डीडीव्हीएल या पदविका. एमबीबीएस डॉक्टर साधं त्वचारोगाचं औषध देऊ शकतो, तो त्याचा अधिकार आहे, आणि गावाकडे त्याच्याशिवाय चालणारही नाही. पण 'कॉस्मेटॉलॉजी'चं अल्पमुदतीचं प्रमाणपत्र म्हणजे एमडी नव्हे. बीएएमएस, बीएचएमएस पदवीधरांनी आपापल्या शास्त्राचे उपचार करावेत. लेझर आणि फिलर हे त्या शास्त्रांत शिकवलेले नाहीत. २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरने नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा आणि चिठ्ठीवर, पावतीवर छापायचा असतो. तो क्रमांक महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर टाकला की नाव, पदवी, नोंदणी चालू आहे की नाही, सगळं दिसतं. दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं. हे एकदा करून बघायला दोन मिनिटं पुरतात, आणि रांगेत बसल्या बसल्या मोबाईलवर होतं. नोंदणी नसताना डॉक्टरकी करणाऱ्याला राष्ट्रीय वैद्यक आयोग कायद्यानुसार एक वर्षापर्यंत कैद किंवा ५ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. तक्रार तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे करता येते.

या बाबतीत सरकारी देखरेख दिसते त्यापेक्षा विरळ आहे, हे सांगितलं पाहिजे. महाराष्ट्रात केंद्राचा २०१०चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा लागू नाही. १९४९चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे, आणि तो रुग्ण दाखल करून घेणाऱ्या ठिकाणांसाठी. खाट नसलेलं, फक्त बाह्यरुग्ण बघणारं लेझर क्लिनिक त्याच्या बाहेर राहतं. यंत्र कोणतं, चालवणारा कोण, हे नेमाने बघायला येणारा अधिकारी नाही. ही फट राज्याने बुजवायला हवी, आणि तोवर रुग्णानेच प्रश्न विचारायला हवेत. क्रीममध्ये संशय असेल तर अन्न व औषध प्रशासनाचं जिल्ह्याचं कार्यालय पेणला आहे. डबी फेकू नका, नमुना म्हणून तीच लागते.

उपचारात हयगय झाली तर ग्राहक आयोगाचा दरवाजा आहे. डॉक्टरी सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये व्ही. पी. शांता खटल्यात ठरवलं. जिल्हा आयोग अलिबागलाच आहे, ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही, वकील न करता स्वतः उभं राहता येतं. तिथे टिकतं ते कागदावरचं. २००८च्या समीरा कोहली खटल्यात न्यायालयाने सांगितलं की संमती एका उपचाराला दिली म्हणजे दुसऱ्याला दिली असं होत नाही, आणि धोके व पर्याय समजावून घेतलेलीच संमती खरी. म्हणून लेझरआधी इंग्रजीतला फॉर्म पुढे आला तर सही करण्याआधी मराठीतून समजावून मागा. फॉर्ममध्ये डाग पडण्याची, भाजण्याची शक्यता लिहिली असेल तर घाबरू नका; ती न लिहिणाऱ्याकडे सावध व्हा.

सगळं खासगीतच घ्यावं लागतं असंही नाही. अलिबागचं जिल्हा रुग्णालय आहे, तिथेच आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं आहे. कामोठ्याचं एमजीएम जिल्ह्याच्या हद्दीत आहे, आणि उरण, पनवेल, पेणकरांना ते मुंबईहून जवळ. अडलेल्या निदानाला, न बरं होणाऱ्या जखमेला, रंग किंवा कड बदलणाऱ्या तिळाला, तळपायावर नव्याने उठलेल्या काळ्या डागाला अशा शिकवणाऱ्या रुग्णालयात दाखवावं. तिथे एकाच वेळी तीन-चार डॉक्टर बघतात आणि बायोप्सीची सोय असते. गावातल्या क्लिनिकने असा तीळ लेझरने जाळून टाकायची तयारी दाखवली तर नको म्हणा. काढलेली गाठ तपासणीला गेलीच पाहिजे, जाळलेली तपासता येत नाही. मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनबद्दलही बायकांनी लक्षात ठेवायला हवं: या गोळीने गर्भात गंभीर व्यंग येतं, त्यामुळे गोळ्या चालू असताना आणि संपल्यावर किमान महिनाभर गर्भ राहता कामा नये. लग्न ठरलेल्या मुलीला डॉक्टरने हे उघड विचारलं पाहिजे. घरच्यांसमोर ती बोलणार नाही हे ओळखून एकटीला विचारलं पाहिजे.

कुठेही उपचार घ्या, कागद घेऊन या. २००२च्या आचारसंहितेनुसार मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. आजाराचं नाव, औषधांची नावं, लेझर असेल तर यंत्र, तरंगलांबी, किती ऊर्जेवर चालवलं, कोणत्या बैठकीनंतर काय झालं, आणि शक्य असेल तर आधीचे-नंतरचे फोटो आपल्या मोबाईलमध्ये. फेरीचे डॉक्टर येणं थांबवतात, क्लिनिकं चालेनाशी होऊन बंद पडतात, भाडं वाढलं म्हणून पेणला किंवा पनवेलला हलतात. हाती नोंद असली तर पुढचा डॉक्टर पाचव्या बैठकीपासून पुढे काम चालू करतो. नसली तर पहिल्या चाचणीपासून सगळं नव्याने, आणि पैसेही नव्याने.